एकवीस किलोची सॅक आणि तुरटीचा खडा

मोंढ्यातल्या आडतीच्या काट्यावर सॅक ठेवली, तर आकडा आला २१ किलो ४०० ग्रॅम. आडतवाले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय हाय? मूग का उडीद?"

"कॅमेरा. आन् पाणी."

"कुठं निघालास?"

"अमेरिकेला."

"अमेरिकेला बीडवरून पाणी न्यायलास?" असं म्हणून त्यांनी हमालाला हाक मारली, हे ऐक म्हणून. आमच्या दुष्काळी जिल्ह्यातून पाणी बाहेर जायची ही पहिलीच वेळ असावी.

पाणी अर्थात सरावाचं होतं. पाच लिटर, पाठीला सवय लागावी म्हणून. खरं पाणी तिकडं भरायचं होतं, युटा राज्यातल्या एका घळीच्या तोंडाशी. परिया कॅनियन तिचं नाव. पाच दिवस, ६१ किलोमीटर, वाट बरीचशी नदीच्या पात्रातूनच, तंबूपासून मिठापर्यंत सगळं पाठीवर, आणि हा सगळा खटाटोप फोटोंसाठी. ही २०२३ ची गोष्ट. चालणं पाच दिवसांचं आणि तयारी सात महिन्यांची. लोक मला चालण्याबद्दल विचारतात, पण खरी अक्कल आली ती तयारीत, म्हणून तेच सांगतो.

माझा बीडमध्ये फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी टाकलेला. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, पासपोर्ट साइज. माझा भाचा फिनिक्सला नोकरीला आहे. त्यानं फेब्रुवारीत एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, ह्यात एकही फिल्टर नाही." दोन दगडी भिंतींमधली फट होती आणि भिंती आतून दिवा लावल्यासारख्या नारिंगी दिसत होत्या. मी फोटो मोठा करकरून बघितला. दिवा नव्हता. ऊन वर कुठंतरी एका भिंतीवर पडलं होतं, तिथून समोरच्या भिंतीवर उडालं होतं, तिथून परत अलीकडं, असं करत खाली आलं होतं आणि दर उडीला दगडाचा रंग उचलत आलं होतं.

ही माझ्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. मांडवाला लाल-केशरी कापड असलं की भर दुपारी त्याचा रंग नवरीच्या गालावर उतरतो. त्यात हळद लागलेली असली तर विचारूच नका. पंचवीस वर्षं मी रात्र-रात्र कॉम्प्युटरसमोर बसून तो रंग काढत आलोय, कारण नवरीची आई अल्बम बघून म्हणते, "आमची पोरगी एवढी लाल कुठंय?" आणि इथं लोक तोच रंग बघायला पाठीवर ओझं घेऊन नदीतून चालत जातात. म्हटलं, एकदा तरी हा रंग न काढता घरी आणावा.

आधी प्रश्न तारखेचा. लग्नाच्या फोटोग्राफरची सुट्टी मुहूर्त ठरवतात. तुळशीचं लग्न लागलं की मी घरच्यांचा राहत नाही, तो थेट आषाढात सापडतो. भाचा म्हणाला, तिथं चालायला दोनच मोसम बरे, एक वसंतातला एप्रिल-मेचा आणि दुसरा ऑक्टोबरचा. एप्रिल-मे म्हणजे माझी सुगी, तो विषयच नाही. मधले महिने म्हणजे आधी भाजून काढणारं ऊन आणि मग पावसाळा. त्या पावसाळ्याला तिकडंही मान्सूनच म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्यांच्या हवामानवाल्यांचा हिशोब असतो. म्हणजे ऑक्टोबरच.

ऑक्टोबरात सहसा दसरा-दिवाळी असते. पण २०२३ ला अधिक श्रावण आला होता. अधिक महिन्यानं सगळं पुढं ढकललं आणि पितृपक्ष सप्टेंबरातून सरकून १४ ऑक्टोबरपर्यंत आला. पितृपक्षात लग्न नाही, साखरपुडा नाही, दुकानाचं उद्घाटनसुद्धा नाही. आमच्या धंद्याला वर्षातली खरी सुट्टी पितरच देतात.

आईला हे पटेना. "पितृपक्षात कामून जायलास एवढ्या लांब? तुझ्या बापाची तिथी कोण करील?" वडिलांची तिथी तृतीया. ती करून मगच विमानात बसायचं, हे ठरलं. मग तिनं पंचांग उघडलं. १४ तारखेला सर्वपित्री अमावास्या आणि त्याच दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहण. मी म्हणालो, "आई, ते भारतात दिसणार नाही, वेध पाळायचे नाहीत." ती म्हणाली, "इथं दिसणार नाही. पण तू तर तिथं असशील ना?"

ह्याला उत्तर नव्हतं. ग्रहणाचा पट्टा युटावरूनच जाणार होता. गंमत अशी की भाच्याचंही म्हणणं तेच होतं, फक्त कारण वेगळं. ग्रहण बघायला त्या भागात लोकांची झुंबड उडणार, खोल्या मिळणार नाहीत, त्याआधी बाहेर पडलेलं बरं. अशी आजी-नातवाची एकी झाली आणि ९ ते १३ ऑक्टोबर ठरलं. पंचांगाचा मला आणखी एक उपयोग झाला. अमावास्या जवळ, म्हणजे चंद्र पहाटे उगवणार, म्हणजे संध्याकाळनंतरचं आकाश काळंभोर. रात्रीच्या फोटोंसाठी लोक मोबाइलवर ॲप घेतात. मी कालनिर्णयवर भागवलं.

परवान्याचं काम भाच्यानं केलं. त्या जमिनीचा कारभार ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ह्या सरकारी खात्याकडे आहे आणि मुक्कामी जायला दिवसाला फक्त २० माणसांना परवाना मिळतो. गट दहापेक्षा मोठा चालत नाही. शेकोटी पेटवायची नाही. आणि विष्ठासुद्धा मागं ठेवायची नाही, खास पिशव्यांत भरून बरोबर आणायची. ही शेवटची अट मी घरी सांगितली ती चूक झाली. बायको हसत सुटली आणि आई गंभीरपणे म्हणाली, "आन् ती पिशवी घेऊन विमानात बसायचं का?" तिला समजावता समजावता रात्रीचे अकरा वाजले. चालण्याची सुरुवात जिथून होते त्या जागेचं नाव व्हाइट हाउस. तिथं व्हाइटही नाही नि हाउसही नाही, एक तळ आहे फक्त. पण स्टुडिओतल्या पोरानं मित्रनगरपासून माळीवेशीपर्यंत सांगून टाकलं, सर व्हाइट हाउसला चाललेत.

व्हिसा बहिणीकडं मागं जाऊन आलो तेव्हाचा, दहा वर्षांचा होता, त्यामुळं ती कटकट वाचली.

आता पाण्याचं. तेही आधी नसलेल्या नाही, आलेल्या पाण्याचं.

१९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. एरवी बिंदुसरा म्हणजे काय, म्हशी बसतील एवढं डबकं आणि बाकी गोटे. आमचा स्टुडिओ तेव्हा नदीच्या अंगाला, खालच्या गल्लीत होता. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर निगेटिव्हचे डबे चिखलात. आईनं अंगणात दोऱ्या बांधल्या आणि आम्ही कपडे वाळत घालतात तशा निगेटिव्हच्या पट्ट्या चिमटे लावून वाळत घातल्या. कित्येकांवरचा थर सुटून ओघळला होता. मुंडावळ्या जागेवर, चेहरा गेलेला. वडील एकेक पट्टी उजेडाला धरून हे कुणाचं लग्न असेल ते ओळखायचे. काहींची ओळखलीच नाहीत.

म्हणून भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, आकाश निळं असलं की काही भीती नसते," तेव्हा मी विचारलं, "कुठलं आकाश?" डोक्यावरच्या निळ्या आकाशाला काही अर्थ नाही. परिया चालतो त्याच्या जवळच पेज नावाचं गाव आहे, तिथं अँटिलोप कॅनियन आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथं अकरा जण लोंढ्यात वाहून गेले. पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, कित्येक मैल लांब. उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, सगळं एकदम घळीत येतं, आणि घळ कुठंकुठं हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच. वर चढायला जागा नसते.

मग आम्ही नकाशा उलटा वाचायला घेतला. मुक्काम कुठं करायचा ते नंतर, आधी पाणी कुठून येतं ते. परियाचा उगम ब्राइस कॅनियनच्या अंगाला. म्हणजे हवामान बघायचं ते ब्राइसकडचं. सॉल्ट लेक सिटीचं हवामान कार्यालय दक्षिण युटातल्या घळींसाठी पुराची शक्यता रोज जाहीर करतं. ते पान मी फोनवर साठवलं. दुसरं पान नदीच्या मोजणीचं. लीज फेरीला, जिथं परिया कोलोरॅडो नदीला मिळते, तिथं शंभर वर्षांपासून पाणी मोजतात आणि आकडा घरबसल्या दिसतो, तोही क्युसेकमध्ये. ह्या शब्दानं मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पाऊस बरा झाला की जायकवाडीतून इतके हजार क्युसेक सोडले, तितके हजार सोडले, हे वाचत आम्ही मोठे झालो. परियाचा एरवीचा आकडा दहाच्या आसपास. एवढं पाणी आमच्याकडं चारी फुटली तरी वाहतं. पण पावसाळ्यातला आलेख बघितला की मधूनच खिळा ठोकल्यासारखी एक रेघ सरळ वर गेलेली, आणि काही तासांत परत खाली. जून ते सप्टेंबर मी सकाळी चहाबरोबर तो आलेख बघायचो. इकडं ऑगस्ट अख्खा कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. पिकं माना टाकत होती आणि मी बीडमध्ये बसून परक्या मुलखातल्या नदीला पाणी येऊ नये म्हणून बघत होतो. लाज वाटायची कधीकधी.

चालायची दिशाही ह्याच हिशोबानं ठरते. व्हाइट हाउसकडून आत शिरलं की सगळ्यात अरुंद भाग पहिल्याच टप्प्यात लागतो, साधारण चौथ्या ते नवव्या मैलात. हवामानाचा अंदाज पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा खरा ठरतो, पाचव्या दिवसाचा कोण सांगणार? म्हणून धोक्याची जागा अंदाज ताजा असतानाच ओलांडायची. पुढं घळ रुंदावते, काठावर उंच वाळूचे ओटे येतात, तिथं निवांत राहता येतं. मला उलटं, लीज फेरीकडून वर जायचं होतं, कारण सगळ्यात चांगला उजेड शेवटी मिळावा, जेवणात गोड शेवटी असतं तसा. हे मी कागदावर खोडलं.

आता नसलेलं पाणी. नदीत पाणी असतं, पण ते आपल्या पहिल्या पुराच्या पाण्यासारखं, चहाच्या रंगाचं. वरच्या अंगाला गुरं चरतात. फिल्टर लावला तर चार ग्लासांत गाळानं चोंदतो. चांगलं पाणी झऱ्यांचं. पहिला भरवशाचा झरा बिग स्प्रिंग, बाराव्या मैलाच्या आसपास, आणि शेवटचा पंचविसाव्याच्या सुमाराला. तिथून बाहेर पडेपर्यंत तेरा मैल, म्हणजे वीस किलोमीटरच्या वर, कोरडं. माणशी दिवसाला चार लिटर धरले तरी पहिल्या दीड दिवसाला सहा होतात. एक लिटर म्हणजे एक किलो, ह्यात सूट नाही.

सहा लिटर उचलणं मला झेपणार नव्हतं. मी पाचावर अडून बसलो. उरलेल्या पाण्याचं काय, ह्यावर फोनवर आमचा वाद चालला होता. भाचा कुठल्या तरी महागड्या पंपाचं सांगत होता. आई भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "गढूळ हाय ना? मग तुरटी फिरव की."

आम्ही दोघंही गप्प झालो. टँकरचं पाणी घरात येतं तेव्हा ती रांजणात तुरटीचा खडा धरून फिरवते, हे जन्मापासून बघत आलोय. तुरटीनं बारीक गाळाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. मग वरचं नितळ पाणी काढून फिल्टरमधून घ्यायचं. भाच्यानं शोधलं तर कोलोरॅडोवर नावेतून जाणारे लोकही हेच करतात. फक्त ते पूड वापरतात. आईनं खडा दिला, पांढऱ्या फडक्यात बांधून, साधारण लिंबाएवढा. वजन मी केलं, ५५ ग्रॅम. आख्ख्या सॅकमधली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात कामाची वस्तू.

सरावाला जागा शोधावी लागली नाही. जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, पाटोद्याजवळ सौताड्याला गेलो. विंचरणा नदी तिथं कड्यावरून खाली पडते, तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. धबधबा कोरडा ठणठणीत. पायऱ्यांनी सॅक घेऊन खाली, परत वर, असं तीनदा. तिसऱ्या वेळी डाव्या बुटाचा तळ सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. आठ वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेले महागडे बूट, माळ्यावर ठेवलेले. वापरले नाहीत म्हणून नवे आहेत असं मी समजत होतो, पण तळाचा फेस पडून राहिल्यानंच कुजतो. पुजाऱ्यानं सुतळी दिली, ती गुंडाळून लंगडत वर आलो. हेच घळीत दुसऱ्या दिवशी झालं असतं तर? त्या एका विचारानं पाच हजार गेले आणि नवे बूट आले. पाणी भरलं की लगेच निचरा होईल असे, जाळीचे.

सौताड्याच्या दगडानं आणखी एक गोष्ट दाखवली. तळाशी उभं राहून बरेच फोटो काढले. सगळे काळे-करडे. आपला बेसाल्ट उजेड गिळतो, परत देत नाही. तिकडचा नावाजो वालुकाश्म उजेड उडवतो. म्हणजे उजेडाचा सराव इथल्या घळीत होणार नव्हता. मग मी स्टुडिओच्या गच्चीवर डेकोरेशनवाल्याकडून आणलेली केशरी कापडं दोन बाजूंना ताणून बांधली, मध्ये हातभर फट ठेवली आणि आत पोराला उभं केलं. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत दर अर्ध्या तासाला फोटो. त्यातून कळलं ते असं, की ऊन थेट चौकटीत आलं की खेळ संपला, तो भाग पांढरा फटक होतो आणि बाकी काळं. ऊन चौकटीच्या बाहेर, वर कुठंतरी पडलेलं असावं. आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करावा लागतो. तो बिचारा माझ्यासारखाच शिकलेला, केशरी दिसलं की पुसून टाकतो. डेलाइटवर, म्हणजे भर उन्हासाठीच्या ठरलेल्या सेटिंगवर, ठेवला तेव्हा पोराचं तोंड उतरत्या उन्हातल्या तांब्यासारखं दिसायला लागलं. शेजारच्या गच्चीवरून वहिनींनी विचारलं, "कुणाचं लग्न हाय?"

सप्टेंबरात गेवराईकडं राक्षसभुवनला गेलो. गोदावरी तिथं रुंद, वाळूची. त्या वर्षी पाणी घोट्याएवढंच. पाण्यातून सॅक घेऊन चालायचं, एवढंच ठरवलं होतं. वाळू उपसून पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. अर्ध्या तासात माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मी जोर करून ओढला तर दुसराही जायला लागला. काठावर एक म्हातारे भोई जाळं विणत बसले होते. तिथूनच ओरडले, "ओढू नका! बसा मागं, बसा!" मी सॅकसकट मागं रेललो. ते आले, म्हणाले, पाय वर ओढायचा नाही, जागच्या जागी हलवायचा, पाणी आत जाऊ द्यायचं, मग वाळूच सोडते. दोन मिनिटांत पाय सुटला. परियातही अशी रुतवणारी वाळू असते, ते मी वाचलं होतं. वाचलेलं आणि गुडघ्यापर्यंत गेलेलं ह्यात फरक असतो. त्यांनी जाताना आणखी सांगितलं, "आधी काठी, मग पाय." पुढचे पाच दिवस मी तेवढंच पुटपुटत चाललो.

वजन उतरवण्याचा हिशोब मात्र जिवावर आला. लग्नाला मी दोन बॉडी आणि चार लेन्स नेतो. एक बॉडी म्हणजे बंद पडली तर बोंबला, ही सवय मोडायला महिना गेला. शेवटी एक बॉडी आणि दोनच लेन्स, एक १६-३५ आणि एक २४-१०५. घळीत लेन्स बदलायचीच नाही असं ठरवलं, कारण वरच्या कडेवरून बारीक वाळू सारखी झिरपत असते. सकाळी जी लावली ती संध्याकाळपर्यंत. ओल्या भिंतीवरची चकाकी मारायला पोलरायझर. पावणेतीन किलोचा ट्रायपॉड घरी ठेवून सव्वा किलोचा घेतला. ट्रायपॉडशिवाय तिथं भागत नाही, खाली उजेड इतका कमी की दोन-चार सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं. बॅटऱ्या सहा, रात्री झोपताना उशाशी, अंगाच्या उबेत, कारण थंडीनं त्या लवकर उतरतात. कॅमेरा पाण्यात पडू नये म्हणून लोक भारी पिशव्या घेतात. मी युरियाच्या गोणीतली आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन घेतली, दोन पदरी.

जेवणाचं आई नि बायकोनं बघितलं. बाजरीच्या खारोड्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ-दाणे, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. खारोड्यांसारखं घळीत चालणाऱ्याला दुसरं अन्न नाही. वजनाला काही नाहीत, न शिजवता खाता येतात, पाण्यात टाकल्या तर आमटी होते. विमानतळावर सगळं कागदावर लिहून दाखवलं. अधिकाऱ्यानं खारोडी हातात घेऊन वास घेतला आणि परत दिली. गॅसची डबी विमानात चालत नाही, ती तिकडं घेतली. संकटात निरोप पाठवायचं उपग्रहाचं यंत्रही भाच्यानं तिकडंच भाड्यानं घेतलं. ते भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळं इथून न्यायचा किंवा इकडं आणायचा प्रश्नच नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी परत आडतीवर. १६ किलो ९००. काका म्हणाले, "साडेचार किलो तूट आली. कुणी खाल्ला माल?"

एवढं सगळं झाल्यावर घोळ झाला तो घड्याळाचा. ठरलं असं होतं, की आमची गाडी शेवटाला, लीज फेरीला ठेवायची आणि तिथून एका गाडीवाल्यानं आम्हाला सुरुवातीला, व्हाइट हाउसला सोडायचं. रस्त्यानं दीड-दोन तास. लीज फेरी ॲरिझोनात, व्हाइट हाउस युटात. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाही, युटा करतं. म्हणजे ऑक्टोबरात दोन्हींत एक तासाचा फरक. गाडीवाला युटाचा. त्यानं सकाळी सात सांगितले ते त्याच्या घड्याळाचे. आम्ही आमच्या साताला पोचलो तेव्हा त्याचे आठ वाजले होते आणि तो वाट बघून गेला होता. चूक आमचीच. महिनोन्महिने नदीचा आकडा बघणाऱ्या दोन माणसांनी एकदाही, कुणाचे सात, असं विचारलं नव्हतं. फोनला तिथं रेंज नाही. नावांच्या धक्क्यावर एका बाईंनी त्यांच्या दुकानातला फोन वापरू दिला, तो परत आला, आणि आम्ही चालायला लागलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते.

कागदावर पहिला मुक्काम बकस्किन गल्च नावाची दुसरी घळ जिथं परियाला मिळते त्या संगमावर होता, सातव्या मैलावर. पण तिथं जायचं तर अरुंद भागातून संध्याकाळी, अंधार पडता पडता जावं लागणार. भाचा म्हणाला, "मामा, अंदाज चांगला आहे, जाऊ या." अंदाज खरंच चांगला होता. सकाळी नदीचा आकडाही एक अंकी होता. मी म्हणालो नाही. संगमाच्या दुपारच्या उजेडासाठी गच्चीवर कापडं बांधली होती, तो उजेड ह्या वेळापत्रकात गेला, हे मला कळत होतं. तरी नाही. तो अर्धा तास माझ्याशी बोलला नाही.

चौथ्या मैलाच्या अलीकडं, नदीपासून बराच उंच एक वाळूचा ओटा होता, त्यावर तंबू लावला. समोर भिंती जवळजवळ यायला लागल्या होत्या. आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, दोन भिंतींच्या मधोमध, एक ओंडका आडवा अडकलेला होता, कुणीतरी तुळई टाकल्यासारखा. भाचा बराच वेळ त्याच्याकडं बघत उभा होता. मग स्वतःहूनच बादली घेऊन पाणी आणायला खाली गेला.

घडीची कापडी बादली, त्यात चॉकलेटच्या रंगाचं पाणी. मी फडकं सोडून तुरटी काढली. "किती वेळा फिरवायची?" त्यानं विचारलं. आईनं काही आकडा सांगितला नव्हता. मी पाण्यात हात घालून फिरवत राहिलो, ती फिरवते तसा, मनगटापासून. पाणी बर्फासारखं गार होतं. मग बादली दगडाला टेकवून ठेवली आणि खारोड्या खाऊन झोपलो.

पहाटे चंद्राची कोर वर आली होती तेव्हा मी बॅटरीच्या उजेडात बादलीत बघितलं. तळाशी बोटभर जाड, साईसारखा मऊ लाल गाळ बसला होता आणि वर पाणी इतकं नितळ की बादलीच्या कापडाची शिवण दिसत होती. कॅमेरा पिशवीतून काढला, डेलाइटवर केला आणि परियातला पहिला फोटो बादलीचा काढला. भाचा झोपेतून म्हणाला, "मामा, उजेड तर येऊ द्या."